तारण ठेवलेली शेळी

आमचं कॉलेज चालू ठेवायचं की इमारत मंगल कार्यालयाला द्यायची, हे ठरवायला यंदा उन्हाळ्यात संस्थेची सभा होती. संस्थेचा सध्याचा अध्यक्ष हा आमच्या संस्थापक सरांचा मुलगा. बाजाराच्या दिवशी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, इमारतीला गिऱ्हाईक चांगलं आलंय. पार्किंगला जागा आहे, स्टेज बांधलेलंच आहे. भूगोलाची खोली वधूपक्षाला, अर्थशास्त्राची वरपक्षाला. पण वडिलांचं नाव आहे, एकदम निर्णय घ्यायला जीव होत नाही. तुम्ही इतकी वर्षं ऑफिस सांभाळलं. कॉलेजवर काय खर्च झाला आणि त्यातून काय हाती आलं, एवढं दोन पानांत लिहून द्या. सभेत वाचू."

मी त्या कॉलेजचा हेडक्लार्क होतो. पहिल्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे, आजही म्हणतात.

खर्चाचं पान अर्ध्या दिवसात झालं. वडवणीच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका कापूस व्यापाऱ्याचं जुनं गोदाम होतं. पहिली तीन वर्षं कॉलेज त्यात भरलं. सरकीचा वास भिंतींतून कधी गेलाच नाही. वारा सुटला की पत्र्याच्या सांदीतून कापसाचे पुंजके खाली यायचे आणि इतिहास शिकवणारे सर डोक्यावरचा कापूस झटकत पुढचं वाक्य बोलायचे. पुढे संस्थापक सरांनी रस्त्याकडेची आपली जमीन दिली, एकेक खोली उभी राहिली. अनुदान कधी मिळालं नाही. प्राध्यापकांना पगार मिळायचा तेव्हा मिळायचा. मराठीचे सर विम्याच्या पॉलिसी विकायचे, वाणिज्यचे सर सकाळी दुधाचं संकलन केंद्र बघून अकराच्या तासाला यायचे. सहल कधी कपिलधारच्या पुढे गेली नाही. तिथल्या धबधब्याखाली आमच्या सरांनी एकदा पोरांबरोबर डोकं भिजवलं होतं. चष्मा वाहून गेला म्हणून आठवडाभर त्यांच्या जागी मीच नोटिसा वाचत होतो. हे सगळं मला खर्चाच्या पानावर लिहावंसं वाटत होतं. लिहिलं नाही.

दुसऱ्या पानावर मात्र अडलो. हाती काय आलं, ते मांडायला बसलं की एकच पोरगी डोळ्यांसमोर यायची, आणि तिच्यामागे आमचा शिपाई. जी गोष्ट मी वीस-बावीस वर्षं कुणाला सांगितली नाही, ती सांगितल्याशिवाय त्या पानाला हात लावणं खोटेपणाचं झालं असतं. म्हणून ती इथे लिहितो.

शिपायाला सगळं कॉलेज मामा म्हणायचं. विनाअनुदानित कॉलेजात जून महिना सुगीचा. पोरं आली तर वर्ग, वर्ग टिकला तर कॉलेज. म्हणून जूनमध्ये आम्ही सगळे गावोगाव, तांड्या-वस्त्यांवर पोरं गोळा करायला फिरायचो. प्राध्यापक मंडळी शिक्षणाचं महत्त्व सांगायची, लोक मान हलवायचे आणि कामाला लागायचे. मामा तसं काही बोलायचा नाही. तो आधी दावणीकडे बघायचा. शेळी कितव्या वेताची, दूध किती देते, विचारायचा. मग सरळ हिशोबाला हात घालायचा.

त्या पोरीच्या घरी मी त्याच्याबरोबर होतो. बारावी झालेली, हुशार. आई-वडील दर साल दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे जाणारे. वडील आम्हाला बसायला पोतं देऊन म्हणाले, "मामा, खरं सांगू का. येवढ्या पैशात शेळी येती. वरसाला दोन करडं देती. तुमचं कॉलेज काय देतंय?"

मामा म्हणाला, "शेळी मरती, पावणं. डिग्री मरत न्हाई."

"डिग्री दूध देती का?"

"देती. पण व्यायला तीन वरसं लागत्यात."

वडील हसले. त्यांना शेळीचा मुद्दा पटला असं नाही. पण मुकादमाच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलंय ते वाचणारं घरात कुणीतरी असावं, हे त्यांना आधीपासून पटलेलं होतं. आठवड्यात त्यांनी एक शेळी विकली आणि फीचा पहिला हप्ता भरला.

आमच्याकडे निम्मी पोरं असल्याच घरातली. दिवाळीनंतर ती आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर जायची आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत यायची. परीक्षेचे फॉर्म मात्र हिवाळ्यात भरावे लागायचे. त्यावर आम्ही एक रीत काढली होती. गाव सोडण्याआधी पोरं ऑफिसात येऊन कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जायची, परीक्षेची फी माझ्याकडे ठेवायची. मुदतीआधी मी फॉर्म भरायचो आणि मामा ते बीडला जाऊन पुढे विद्यापीठापर्यंत पोहोचवायचा. कोऱ्या कागदावर सही करून देणं म्हणजे काय, हे मुकादमाकडून आगाऊ उचल घेणाऱ्या त्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी एकाही घरानं मला कधी पावती मागितली नाही.

दोन वर्षं पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिसऱ्या वर्षी दिवाळीत वडील तिला घेऊन आले. उचल मिळाली होती. कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले, सुतळीनं बांधलेले पैसे त्यांनी टेबलावर ठेवले. फीचा राहिलेला हप्ता आणि परीक्षा फी. पोरीनं सही केली. वडील म्हणाले, "भाऊसाहेब, येवढं पार पाडा. मग तिच्या लग्नाचं बघतो." ट्रॅक्टर रस्त्याला उभा होता. वर संसार, कोंबड्या, दोन शेळ्या. ते गेले.

डिसेंबरात विद्यापीठाची समिती येणार होती. ती नाखूश होऊन गेली असती तर संलग्नता गेली असती, म्हणजे सगळ्याच पोरांचं वर्ष. आणि नेमका समितीच्या दोन दिवस आधी, थकलेल्या बिलापायी वायरमन लाईट तोडायला आला. संगणकाच्या खोलीत दोन संगणक होते, ते दाखवायला लाईट तर हवी. मी ड्रॉवर उघडलं. बियाण्याची पिशवी वर होती. ती तशीच मामाच्या हातात दिली आणि बिल भरून यायला सांगितलं.

मामानं पिशवी ओळखली. "भाऊसाहेब, हे त्या पोरीचं हाय नव्हं?"

"शिष्यवृत्तीचा हप्ता आला की परत ठेवतो. चार दिवसांचा प्रश्न आहे."

तो पिशवी घेऊन गेला. समिती आली, संगणक सुरू झाले, चहा-पोहे झाले, संलग्नता राहिली. शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र दरवर्षीसारखा डिसेंबरात आला नाही, मार्चअखेर आला आणि थकलेल्या पगारांत गेला. मधल्या काळात बाकीच्यांचे फॉर्म गेले, तिच्या फॉर्मची मुदत गेली. विलंब शुल्काची तारीखही गेली.

इथे एक वाक्य मला स्पष्ट लिहिलंच पाहिजे. माझ्या घरी तेव्हा पैसे होते. विहिरीवर नवी मोटार बसवायला ठेवले होते. ते काढून फॉर्म भरता आला असता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी कपाटाच्या किल्ल्या हातात घेतल्याही होत्या. कॉलेजच्या कामासाठी घरचे पैसे का मोडायचे, असं मनात आलं आणि मी किल्ल्या परत खुंटीला लावल्या. कॉलेजवर माझा जीव होता हे खरं. पण त्या हिवाळ्यात मी कॉलेजसाठी पोरीचे पैसे वापरले आणि पोरीसाठी माझे वापरले नाहीत.

मार्चमध्ये वडील कामाचा खाडा करून पोरीला परीक्षेसाठी घेऊन आले. रात्रभर एस.टी.त बसून आलेली पोरगी, हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा, पिशवीत पुस्तकं. तिनं हॉल तिकीट मागितलं.

मी म्हणालो, "बाकीच्यांचे फॉर्म आधी गेले, तुझा शेवटच्या दिवशी देऊन मामाला पाठवलं होतं. त्याची बस चुकली. मुदत निघून गेली. पैसे विद्यापीठात अडकलेत, बघू काय होतं ते."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण किती सहज आलं, ते आजही आठवतं. मामा दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाणी टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "व्हय. चुकली बस."

वडिलांनी पाणी घेतलं नाही. "मामा, ती शेळी मी ज्याला इकली ना, त्याच्या दावणीला अजून जित्ती हाय. तुमची डिग्री कुठंय?"

पोरीनं पुस्तकांची पिशवी उचलली आणि बापाच्या मागे निघाली. त्याच दिवशी ते परत फडावर गेले.

ही गोष्ट कुणी तपासून पाहिली नाही. आवक-जावक वहीत शेवटच्या तारखेला मामाबरोबर फॉर्म गेल्याची नोंदच नव्हती, एक पान उलटलं असतं तर कळलं असतं. पण मामा विहाराजवळच्या वस्तीतला, बौद्ध, शिपाई. मी टेबलामागचा, देशमुखांच्या गल्लीतला. चूक त्याच्याकडून झाली असेल हे सगळ्यांना न तपासताच पटलं. सरांनी त्याला लेखी ताकीद दिली. ती टाईप मीच केली.

पुढचं वर्ष उजाडलं. मामानं त्या विषयावर माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी तो ऑफिसात आला आणि म्हणाला, "पोरीच्या घरी गेलतो. बाप आईकत नव्हता. म्हणं, पुन्यांदा फसायला मी काय येडा हाय का. मग आमची काळी शेळी त्याच्या दारात नेऊन बांधली. म्हणलं, ही तारण ठेव. डिग्री आली का माझी मला वापस दे. न्हाई आली तर तुझी."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, शेळीचं दात बघितलं आन् पोरीला सही करायला लावली." त्यानं सही केलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "फीचं इचारलं त्यानं. म्हणलं, भाऊसाहेब खिशातून भरणार हायती. सांगून आलोय तुमच्या नावानं. आता तुमी बघा."

मोटारीचे पैसे मी त्या दिवशी मोडले. फॉर्म भरला, पावती केली, मामा स्वतः घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी शिक्क्याची पोच माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या खिशातून गेले हे खरं, पण पैसे तिचेच होते. तिच्या पैशांनी कॉलेजची लाईट राहिली होती, एवढं फक्त मला आणि मामाला ठाऊक होतं.

शेळी ट्रॅक्टरवर बसून सांगलीला गेली. मामाच्या घरचं दूध त्या हंगामात बंद झालं. त्याची बायको मला बाजारात भेटली की म्हणायची, "भाऊसाहेब, आमची शेळी कालेजात गेलीय म्हणं." पट्टा पडल्यावर शेळी दोन करडांसह परत आली. पोरीनं परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी वडील शेळी आणि एक करडू घेऊन कॉलेजच्या दारात हजर. दुसरं करडू पण न्या म्हणत होते. मामा म्हणाला, "तारण ठेवणाऱ्याला कुणी याज देतं का? राहू द्या तुमच्याकडं." सगळं कॉलेज व्हरांड्यात जमलं होतं. करडानं नोटीस बोर्डावरचा वेळापत्रकाचा कागद खाल्ला. सर हसत म्हणाले, राहू द्या, तास तसेही होत नाहीत.

मग वडील माझ्याकडे वळले आणि माझ्या पाया पडले. मला मागे सरता आलं असतं. मी सरलो नाही.

त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात सांगलीकडून येताना ते मला काकवीची बाटली आणायचे. घट्ट, तांबूस, आल्याचा वास असलेली. मामाला काही नाही. मामाला ते रस्त्यात भेटले की थट्टेनं हाक मारायचे, "काय बसचुके, आज तरी येळेवर का?" मामाही हसून हात वर करायचा. पोरगी पुढे परीक्षा देऊन अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली. एका स्नेहसंमेलनात तिला पाहुणी म्हणून बोलावलं. तिनं भाषणात सांगितलं की भाऊसाहेबांनी खिशातून फी भरली म्हणून ती इथे उभी आहे, आणि स्वतःच्या पगारातून आणलेली शाल माझ्या खांद्यावर घातली. मामा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मांडवात फिरत होता. माझ्यापुढे कप धरून हळूच म्हणाला, "गरम होतंय का शालीत?"

तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सांगू शकलो नाही. ते आता होणारही नाही.

दोन पानं लिहायला घेतली तेव्हा पहिल्यांदा मामाकडे जायचं ठरवलं. तो आता तलवाड्याला लेकीकडे असतो. पेन्शन नाही, विनाअनुदानिताला कसली पेन्शन. दोन बस बदलून पोहोचलो. तो ओट्यावर शेळ्यांना पाला घालत होता. मला बघून म्हणाला, "या भाऊसाहेब. लई लेट केला. आपली एस.टी. पण एवढी लेट नसती."

कशासाठी आलोय ते त्याला विचारावं लागलं नाही. मी सगळं बोललो. तो ऐकत राहिला, पाला घालत राहिला.

शेवटी मी विचारलं, "त्या दिवशी तू हो का म्हणालास?"

"तुमचं त्वांड बघून व्हय म्हणलो न्हाई," तो म्हणाला. "शिपायाची बस चुकली तर कॉलेज बुडत न्हाई. क्लार्कनं पोरीचं पैशे खाल्लं म्हणलं की बुडतं. पुढल्या जूनला एक पोरगी आली नसती. मी दारोदार कुठल्या तोंडानं गेलो असतो?" मग शेळीकडे वळून, "पण राग लई आलता. त्या ताकिदीच्या कागदावर मला सही करायला लावली. तुमी पेन दिला."

"माझं चुकलं, मामा."

"मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. चार माणसांत मला बसचुक्या केला, तवा चार माणसांतच सांगा. आन् पोरीसमोर सांगा."

त्याच्या लेकीनं चहा दिला. निघताना तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत आम्ही सरकीच्या वासाबद्दल बोललो.

सभा अर्थशास्त्राच्या खोलीत झाली. माजी विद्यार्थ्यांतर्फे ती पोरगीही आली होती, स्कूटीवरून, पर्समध्ये अंगणवाडीची रजिस्टरं. मी खर्चाचं पान वाचलं. मग दुसऱ्या पानावर हे सगळं, आहे तसं वाचलं. बियाण्याची पिशवी, वायरमन, मोटार, बस, ताकीद, शेळी. खर्चाच्या पानात एक रक्कम राहून गेली होती, एवढं शेवटी म्हणालो. मामानं कॉलेजसाठी स्वतःचं नाव घातलं होतं आणि ते त्याला कुणी परत केलं नाही. आवक-जावक वहीत त्या तारखेपुढे 'फॉर्म पाठवलाच नव्हता' अशी नोंद मी माझ्या सहीनं केली होती, ते पान अध्यक्षांपुढे ठेवलं.

अध्यक्षानं चष्मा काढून पुसला. त्याच्या वडिलांची सवय. मंगल कार्यालयाचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही. या जूनला किती पोरं येतात ते बघून ठरवू, असं ठरलं. माझ्या वाचण्यामुळे तसं झालं असं मी म्हणणार नाही, गिऱ्हाईक भावात खाली येत होतं हेही एक कारण आहे.

बाहेर व्हरांड्यात ती माझी वाट बघत होती. आता चाळिशीची बाई, कपाळावर बापासारख्याच आठ्या.

"भाऊसाहेब, अण्णा दरवर्षी तुम्हाला काकवी आणायचे."

"हो."

"गोड लागायची?"

मी खरं सांगितलं. "लागायची."

ती समोरच्या रस्त्याकडे वळली. "ते वर्ष मी फडावर मोळ्या बांधताना रोज मामांना शिव्या दिल्या. रोज." मग म्हणाली, "शाल आहे का तुमच्याकडे?"

ती माझ्या घरी आली, पण आत बसली नाही. मी कपाटातून शाल काढून दिली. स्नेहसंमेलनानंतर एकदाही अंगावर घेतली नव्हती, घडी तशीच होती. तिनं ती उलगडून पाहिली, कसर लागलीय का ते बघितलं आणि स्कूटीच्या डिकीत ठेवली.

"उद्या तलवाड्याला जातेय मी. तुम्हीही या. माझ्या मागे बसून नाही, एस.टी.नं या." तिनं स्कूटी सुरू केली. "सकाळी साडेसातची आहे. चुकवू नका."

मी साडेसहालाच स्टँडवर जाऊन बसलो.